आडवी बाटली

धुळ्यात आग्रा रोडच्या मागल्या गल्लीत कलाबाईचं दोन खोल्यांचं घर होतं. शेजारचं शेंगदाण्याचं गोडाऊन विकलं गेलं आणि तिथे परमिट रूम उघडली. दोन्ही घरांची भिंत एकच. संध्याकाळी गाणी सुरू झाली की फळीवरचे पेले थरथरायचे. सकाळी दार उघडलं की ओट्यावर मुताचा वास. ती बादलीभर पाणी ओतायची, फिनेल टाकायची आणि मग चहा ठेवायची.

तिचा नवरा बन्सीलाल एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झाला आणि वर्षाच्या आत लकव्याने आडवा झाला. वाचा गेली, उजवी बाजू गेली. धाकटी मुलगी साक्षी नर्सिंग शिकत होती. संध्याकाळच्या बसने उतरली की बारसमोरच्या घोळक्यातून तिला घरी यावं लागे. कुणी वाट अडवायचं, कुणी नाव विचारायचं. कलाबाई रोज कोपऱ्यावर जाऊन उभी राहायची.

उन्हाळ्यात एका संध्याकाळी ती दळण आणायला गेली होती. हवा यावी म्हणून दार उघडं ठेवलेलं. परत आली तर एक अनोळखी माणूस बन्सीलालच्या शेजारी पाय पसरून झोपलेला, आणि त्याची ओकारी बन्सीलालच्या छातीवर, मानेवर. बन्सीलालने डाव्या हाताने चादर घट्ट धरली होती. डोळे सताड उघडे होते. त्या माणसाचे सोबती आले, हसत हसत त्याला उचलून घेऊन गेले. कलाबाईने पाणी तापवलं आणि नवऱ्याला पुसून काढलं. बन्सीलाल तिच्याकडे बघेना.

दुसऱ्या दिवशी ती बारमालकाकडे गेली. तो मोठ्या आदबीने बोलला, गार पाणी दिलं, दाराला लोखंडी जाळी बसवून देतो म्हणाला. ती पाणी न पिता उठली.

बायकांनी मतदान करून दारूचं दुकान बंद करता येतं, हे तिला साक्षीने सांगितलं. मतपत्रिकेवर उभी बाटली म्हणजे चालू, आडवी म्हणजे बंद. पण प्रभागाच्या मतदार यादीतल्या एकूण बायकांपैकी निम्म्याहून जास्त जणींनी आडवी करायला हवी. घरी बसलेली बाई बारच्याच बाजूची धरली जाणार. कलाबाई दारोदार फिरली. ज्यांच्या घरी तिने कधी चहा घेतला नव्हता, त्यांच्याही ओट्यावर बसली.

फक्त भागाबाईकडे जायला तिचे पाय रेंगाळत होते. दोघी एकाच नळावर म्हाताऱ्या झालेल्या. भागाबाईची उकडलेल्या अंड्यांची गाडी बारसमोर लागायची.

"तुन्हं खरं शे, अक्का," भागाबाई म्हणाली. "पन गाडी बंद पडनी ते पोरेस्नी काय खावानं?"

"येशी का नही, तेवढं सांग."

भागाबाईने मान खाली घातली. कलाबाई उठली.

मतदानाच्या दिवशी ऊन कडक होतं. तरी बायका आल्या. ज्या आल्या त्यांतल्या बहुतेकींनी आडवीच केली. पण आलेल्याच कमी पडल्या. अधिकाऱ्याने आकडे वाचले तेव्हा कलाबाईला वाटलं, आपणच काहीतरी चुकीचं ऐकलं. गल्लीत फटाक्यांची माळ लागली तेव्हा तिला कळलं. भागाबाईचं दार दिवसभर बंद होतं.

दिवाळीआधीच बन्सीलाल गेला. बारमालकाने त्या दिवशी गाणी बंद ठेवली. भागाबाईने गाडी लावली नाही. ती येऊन कलाबाईजवळ बसली. घर इतकं शांत झालं होतं की बुद्धवंदना म्हणणाऱ्यांचा शब्द न् शब्द कोपऱ्यापर्यंत ऐकू जात होता. या माणसाला जिवंतपणी एक संध्याकाळ तरी अशी मिळायला हवी होती, असं कलाबाईच्या मनात आलं आणि तेव्हा ती पहिल्यांदा रडली.

साक्षीला दोंडाईचाच्या एका दवाखान्यात नोकरी लागली. दोघींनी तिकडेच राहायचं ठरवलं. घर विकायला काढलं, तर बारशेजारचं घर कुणी घेईना. शेवटी बारमालकानेच घेतलं. महिन्याभरात मधली भिंत पाडली.

दोंडाईचाला साक्षीने आईचं मतदार यादीतलं नाव इकडे आणायचं काढलं.

"माझं नाव तिकडेच राहू दे," कलाबाई म्हणाली. "पुन्हा मत घेतलं तर एक कमी नको पडायला."