एका जेवणाचा मिंधा

अमेरिकेत स्टेट कॉलेज नावाच्या गावी शिकत असताना रविवारी दुपारी एका लेक्चर हॉलमध्ये जुने जपानी सिनेमे दाखवत. मी जायचो ते कलेच्या ओढीनं वगैरे नाही हो! तिथं हीटर बरा होता आणि दोन तास कुणी ‘थिसिस कुठवर आला?’ विचारत नसे. पीएचडीच्या चौथ्या वर्षी माणूस इतका शिणलेला असतो, की खुर्ची दिसली की बसतो.

बहुतेक सिनेमांत गोष्ट एकच. भटका जुगारी परक्या गावात येतो, टोळीच्या म्होरक्याच्या दारात वाकून आपलं नाव-गाव सांगतो. त्याला एका रात्रीपुरता आसरा आणि एक वेळचं जेवण मिळतं. झालं! सकाळी म्होरक्या म्हणतो, अमक्याला मारून ये. त्या अमक्याशी याचं ना वैर ना भांडण. पण जेवलाय ना? मग उपसा तलवार. शेजारी बसलेला माझा सीनियर पुटपुटायचा, "खाल्ल्या मिठाला जागला, यार."

सीनियर नागपूरचा. आम्हा भारतीय पोरांत रीतच होती, नवा कुणी बॅगा घेऊन उतरला की जुन्यानं त्याला घरी ठेवायचं. यानं मला अकरा दिवस ठेवलं. गादी मला दिली, स्वतः कार्पेटवर झोपला. रोज गरम वरण-भात. ते त्यानं कधी बोलून दाखवलं नाही, आणि तेच जड जायचं.

आमच्याच लॅबमध्ये एक कोरियन होता, अबोल आणि कामसू. त्याची चार महिन्यांची सॅम्पल्स भट्टीत होती. सीनियरनं एका संध्याकाळी घाईत शेजारच्या आपल्या भट्टीऐवजी कोरियनाच्या भट्टीचं तापमान वाढवलं. मी तिथंच होतो, बटण फिरवताना त्याला पाहिलं होतं. सकाळी सगळ्याची राख.

कॅम्पस बसमध्ये सीनियर हळूच म्हणाला, "प्रोफेसर तुला विचारतील. माहीत नाही म्हण. माझं फंडिंग गेलं तर व्हिसा गेला रे." अकरा दिवसांचं नाव त्यानं काढलं नाही. मला मात्र वरणाची चव आठवली. चीड आली, त्याची आणि माझीही.

प्रोफेसरांनी विचारलं. "आय डोन्ट नो," मी म्हणालो. पडद्यावरचा जुगारी निदान समोर उभा राहून सांगतो, बाबा रे, तुझ्याशी माझं वैर नाही. माझ्यात कुठली आलीय तेवढी धमक! भट्टी कोरियनानंच चुकीची लावली असणार, असं ठरलं.

आठवड्याभरानं तो माझ्या टेबलाशी आला. डोळे तारवटलेले. पहिल्यापासून सगळं परत सुरू केलं होतं त्यानं. म्हणाला, खूप आठवून पाहिलं, माझ्याच हातून झालं असेल; माझ्यामुळे तुम्हालाही प्रश्नांना तोंड द्यावं लागलं, सॉरी.

आणि मी, निलाजरा, त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणालो, "इट्स ओके."