मम्मी डॉक्टरांकडे जोडीनंच जायचं

मूल होत नाही म्हणून एकटी आलेल्या बाईला मम्मी डॉक्टर दारातूनच परत पाठवायच्या. "नवरा किधर है? त्याला घेऊन ये. आधा चित्र मैं नहीं देखती." उल्हासनगरच्या कॅम्प पाचमध्ये फर्निचरच्या दुकानावर त्यांचा दवाखाना होता. सत्तरी गाठलेली ही सिंधी बाई स्वभावानं तिखट होती, पण बारवी धरणाच्या बाजूच्या, आमच्यासारख्या पाड्यांवरून येणाऱ्या बाळंतिणी त्यांना मम्मीच म्हणत.

मलाही त्यांनी परत पाठवलं तेव्हा बरोबर सासूबाई होत्या. लग्नाला पाच वर्षं झाली होती. काढे, उपास, अंगारे, सगळं माझ्याच पोटात गेलं होतं. आता ह्यांच्या मामांनी ह्यांच्या दुसऱ्या लग्नासाठी नात्यातली एक मुलगी सुचवली होती आणि मला सोडचिठ्ठी द्यायची बोलणी माझ्यासमोरच चालत. माहेरी भावाचा संसार दोन खोल्यांचा. मी जाणार कुठं, हे कुणी विचारत नव्हतं.

मी रडून, भांडून ह्यांना नेलंच. मम्मी डॉक्टरांची एक सवय होती. टेबलाच्या काचेवर त्या स्केचपेननं चित्र काढत, एका बाजूला बाई, दुसऱ्या बाजूला पुरुष. "ही पिशवी, ह्या नळ्या, हे अंडाशय. महिन्यातून एकदा बीज सुटतं, जेमतेम एक दिवस जगतं." मग पेन पलीकडे जाई. "आणि हे वृषण. देवानं अंगाबाहेर का ठेवले? आतल्या गर्मीत पुरुषाचं बीज बनत नाही. आता बोल, अर्ध्या चित्राला औषध देऊन काय होणार?" हे कानापर्यंत लाल झाले होते. शहाडच्या कारखान्यात चारचौघांत दणदणीत बोलणारा माणूस बुटांकडे बघत बसला. "कधी गालगुंड झालं होतं?" त्यांनी विचारलं. हे नुसतं हो म्हणाले.

माझ्या तपासण्या चांगल्या आल्या. ह्यांची तपासणी त्यांनी दोनदा करायला लावली. दोन्ही वेळा वीर्यात बीज सापडलं नाही. मम्मी डॉक्टरांनी दार लावून घेतलं आणि सांगितलं की गालगुंडाची सूज कधीकधी खाली वृषणात उतरते आणि बीज बनवणारा भागच खराब करते. हे रिपोर्टची घडी घालत राहिले. मग म्हणाले, "मम्मी, आईला तुम्हीच सांगा ना."

"रिपोर्ट तेरा, जबान भी तेरी."

माझं डोकंच फिरलं. "मग मी सांगते," मी म्हणाले.

"तू सांगशील तर नवऱ्याला बदनाम केलं म्हणून उद्याच बाहेर काढतील. तो सांगेल."

मला त्यांचा इतका राग आला की जिना उतरताना मी मागं वळूनही पाहिलं नाही. मुलीकडचे रविवारी येणार होते. ह्यांनी आठवडाभर तोंड उघडलं नाही. जेवायचे, कामावर जायचे, नजर चुकवायचे. सासूबाई नवे कप काढून धूत होत्या, आणि ते विसळायला मीच. शनिवारी मी माझ्या साड्या पिशवीत भरल्या. हे ते बघून कामावर निघून गेले.

रविवारी पाहुणे आले. पोहे मीच केले. मामांनी मुहूर्ताची गोष्ट काढली तेव्हा हे भिंतीकडे बघत म्हणाले, "मुलगी देऊ नका. दोष माझ्यात आहे. हिच्यात काही नाही." पाहुणे अर्धा चहा टाकून उठले. मामा खोटं आहे म्हणून ओरडत होते. सासूबाई मात्र खाली बघत कप गोळा करू लागल्या, आणि मला त्याचंच आश्चर्य वाटलं.

दुसऱ्या दिवशी त्या मला म्हणाल्या, "चल, तुझ्या डाक्टरणीकडं." रांगेत आमचा नंबर आला, तेव्हा त्यांनी सांगायला सुरुवात केली. पोरगा सोळा वर्षांचा असताना त्याचे गाल सुजले, मग सूज खाली उतरली. पोराला धड चालता येईना. गाडी करून दवाखान्यात नेलं तर पाड्यावर बोभाटा होईल, म्हणून त्यांनी घरीच लेप लावला. "त्याला बोललू, कुनाला सांगू नको, पुढं पोरगी कोन देल."

म्हणजे मायलेकांना दोघांनाही पहिल्यापासून ठाऊक होतं.

सासूबाईंनी पदर तोंडाशी धरला. "मी तवाच तोंड उघारला असता, तर पोराचा बीज वाचला असता का?"

मम्मी डॉक्टर खुर्चीतून उठल्या आणि त्यांच्याजवळ बाकावर येऊन बसल्या. "नहीं, माई. माझ्याकडे आणला असता तरी मी हेच सांगितलं असतं, त्याला झोपव, थंड पट्ट्या ठेव. नुकसान थांबवायचं औषध तेव्हाही नव्हतं, आजही नाही." सासूबाईंनी डोळे पुसले. त्यांना सुटल्यासारखं वाटलं असावं.

"बीज नसतं वाचलं," मम्मी डॉक्टर माझ्याकडे बोट करून म्हणाल्या, "पण हिची पाच वर्षं वाचली असती."

मम्मी डॉक्टर गेल्या वर्षी वारल्या. माझ्या बाजूनं आमच्या घरात किंवा घराबाहेर कुणी एवढं बोललं नव्हतं, आणि त्यानंतरही कुणी बोललं नाही.