ओसरीवरचा कॉम्प्युटर

नात गृहपाठ खोडायला बसली की खोडरबराचा वास येतो आणि मला आमच्या कामठ्याच्या घरातली एक दुपार आठवते. बायको जाऊन वर्ष होत आलं होतं. तिचा आवाज असलेला एकच व्हिडिओ उरला होता, तोही ओसरीवरच्या कॉम्प्युटरमध्ये. त्या दुपारी बटण दाबलं तर पडदा काळा आणि आतून नुसती पीं-पीं. आदल्या दिवशी सुनेनं धूळ पुसून कॉम्प्युटरची जागा बदलली होती. "तू कायले हात लावला वो त्याले? दुसऱ्यांदा मारली ना तिले!" शेजाऱ्यांसमोर मी ओरडलो. ती म्हणाली, "मामाजी, वाजून राहिला म्हणजे जित्ता आहे. मेला असता तं बोंबलला असता काय?" लग्नाआधी तिनं तिरोड्याला कॉम्प्युटरचा कोर्स केला होता. तिनं वायरी काढून झाकण उघडलं. आत शेजारच्या राइस मिलचा कोंडा साचलेला. तो झटकून तिनं मेमरीची पट्टी उपसली, नातीच्या खोडरबरानं तिची मळलेली पिवळी कड घासली आणि टक् आवाज येईपर्यंत परत दाबून बसवली. पडदा उजळला. थोड्या वेळानं तिनं तो व्हिडिओ लावला आणि स्पीकरमधून बायको माझ्यावरच खेकसली, "अजी, तो मोबाइल ठेवा ना, भात करपून राहिला!" मी ढसाढसा रडलो. शेजाऱ्यांना मात्र सांगितलं, आपोआपच चालू झाला. सुनेनं ते ऐकलं आणि सगळ्यांसाठी चहा टाकला. तो आपोआप चालू झाला नव्हता. माझ्या सुनेनं बायकोचा आवाज मला परत मिळवून दिला, आणि 'बरं केलंस पोरी' एवढंसुद्धा मी तिला कधी म्हटलं नाही. आज हे लिहून काढलं; हा कागद आधी तिलाच वाचायला देतो.