ज्ञानूमामांनी घासलेलं कार्ड

जोतिबाच्या डोंगराखाली विजयसिंहांचं गुऱ्हाळ आहे. तिथले गुळवे म्हणजे ज्ञानूमामा. उकळत्या पाकात ओली बोटं बुडवून गोळी वळायची, ती दाबून पाक झाला का बघायचं आणि काहील, म्हणजे पाकाची मोठी कढई, कधी उतरवायची ते सांगायचं, हे त्यांचं तीस वर्षांचं काम. नेमका ह्याच माणसाला साखरेचा आजार व्हावा! देवालाही कधी कधी अक्कल नसते. आधी डाव्या हाताची बोटं बधिर झाली, मग उजव्याची तीन. सगळी गेली की काहिलीखालच्या चुलवाणात उसाची वाळकी चिपाडं ढकलायची, तेही मालकाची मर्जी असली तर.

मी पॉलिटेक्निकात शिकवते. मामांना मी एक तळहाताएवढा लिनक्स कॉम्प्युटर बसवून दिला होता. काहील उतरवताना त्यांनी बटण दाबायचं, यंत्रानं त्या क्षणाचं तापमान आणि पाकाचा रंग टिपायचा. असे तीन हंगाम टिपले. पुढं बोटं गेली तरी काहील उतरवायची वेळ यंत्र सांगणार होतं.

हंगामाआधी मामा काहील घासतात, चिमणी झाडतात. यंदा त्यांनी यंत्राचं मेमरी कार्डही मालकाच्या लॅपटॉपला लावून साफ केलं.

"कसली कसली इंग्रजी नावं हुती की ताई. आपल्या गुळाचं त्यात एकबी न्हवतं. सगळा कचरा काडला."

तो कचरा म्हणजे यंत्र सुरू करणाऱ्या फायली. मी हसले. त्याची आता लाज वाटते. नोंदी कार्डाच्या दुसऱ्या भागात असतात, तेव्हा सुरुवातीच्या फायली नव्या कार्डावरून आणून ठेवल्या की झालं. मी त्या ठेवल्या. हिरवा दिवा लुकलुकला, मामांनी हात जोडले. पडद्यावर ओळी धावल्या आणि थांबल्या; यंत्राला नोंदींचा भाग सापडेना.

"मामा, लॅपटॉपनं काही विचारलं होतं का?"

"व्हय. कायतरी इचारलं. मी हो दाबलं."

कार्डाचा तो दुसरा, लिनक्सचा भाग ओळखता आला नाही की लॅपटॉप तो कोरा करू का विचारतो. मामांनी हो म्हटलं होतं, आणि तिन्ही हंगामांच्या नोंदी पुसल्या गेल्या होत्या.

पुसलेलं शोधणारे प्रोग्राम मी दोन दिवस चालवले. आकडे शेकड्यांनी सापडले, पण कुठला आकडा कुठल्या काहिलीचा, ते सांगणारं काही उरलं नव्हतं. एक प्रत काढून ठेवायला मला पाच मिनिटं लागली असती. दर वर्षी हेच मी वर्गात बजावते.

"परत टिपू की," मामा म्हणाले. "किती दिस लागत्यात?"

"तीन हंगाम."

त्यांनी उजव्या हाताची उरलेली दोन बोटं एकमेकांवर घासून बघितली. "एवढी कुठं टिकत्यात ही, ताई."

पहिल्या काहिलीला मी गेले होते. मामांनी गोळी वळली, पुन्हा वळली, आणि घाईघाईनं माझ्यापुढं धरली. "बोटांस्नी लागंना. तुमी दाबून बगा की. झाली का?"

मी दाबली. गरम होती, चिकट होती. तीन हंगाम मामांच्या शेजारी बसून मी फक्त पडदा बघत होते. मला काहीच कळेना, आणि काहिलीत पाक करपायला लागला होता.