आईचा पासपोर्ट आधी आला

कॅनडात कायमचं राहण्यासाठी अर्ज पाठवला, ही बातमी मी आणि माझ्या नवऱ्याने फक्त अकोल्याला आईच्या कानावर घातली. अजून कशाचा पत्ता नाही, कोणाला सांगू नको, असंही बजावलं. आठवडाभरात तिच्या शेतावर आमच्या निरोपाच्या जेवणाचे रोडगे लागले. गोवऱ्यांवर भाजलेले कणकेचे रोडगे, वांग्याची भाजी, वरण आणि वरून तुपाची धार. मला साडी मिळाली, नवऱ्याला टॉवेल-टोपी, आणि एक मावशी माझ्या गळ्यात पडून रडूनही मोकळी झाली.

त्यानंतर काहीच झालं नाही.

अमरावतीत राजापेठेत आमचं दोन खोल्यांचं घर. मी गणिताच्या शिकवण्या घेते, नवरा एका कंपनीचं कॉम्प्युटरचं काम घरूनच करतो. सकाळी चहाच्या आधी आम्ही मोबाईलवर अर्ज कुठवर आला ते बघायचो. तो होता तिथेच असायचा. रोडगे जेवून आलेल्या इथल्या नातेवाइकांपैकी कोणी बाजारात भेटलं की विचारायचं, "अजून इथंच?" मग मी भाजीला दुसऱ्या गल्लीतून जायला लागले. घरात नवीन काही घ्यायचं नाही, हे न बोलताच ठरून गेलं. फ्रिजचं दार लागत नव्हतं, त्याला नाडा बांधला. शिकवणीला नव्या मुली घेतल्या नाहीत. जंगल बघायला सेमाडोहला जायचं होतं, तेही राहू दिलं.

वडील गेल्यापासून शेत आईच बघते. शेवंती आणि झेंडू लावते, स्वतः बाजारात बसून विकते. एकदा ती आमच्याकडे राहायला आली आणि पाणी घ्यायला फ्रिजपाशी गेली. नाडा सोडला, बाटली काढली, नाडा पुन्हा बांधला आणि माझ्याकडे वळली.

"अर्ज तिकडं गेला, तुमी तं इथंच हा ना? मंग इथलं जगनं काहून बांधून ठेवलं?"

त्याच संध्याकाळी आम्ही फ्रिज घेतला. रंग आईने निवडला. महिन्याभरात सेमाडोहही झालं. वाघ दिसला नाही, पण तिथे दोन दिवस आम्ही मोबाईल बघितला नाही.

फ्रिज घेऊन परतताना आईने आणखी एक गोष्ट काढली. तिलाही पासपोर्ट हवा होता. आम्ही बोलावू तेव्हा धावपळ नको, असं तिचं म्हणणं. तिच्या चौकशीला पोलीस शेतावर आला. दोन शेजाऱ्यांनी ओळख सांगितली असती तरी पुरे होतं, पण सगळी वस्ती गोळा झाली. आईने त्याला चहा पाजला आणि तो स्वतः कधी परदेशात गेला का, याची उलट चौकशी केली. आमची फाईल हलायच्या आत तिचा पासपोर्ट घरी आला. तो पिशवीत घालून ती बाजारात नेऊ लागली.

मग एकदाचा आम्हाला निरोप आला: वैद्यकीय तपासणीसाठी मुंबईला या. अमरावतीहून मुंबईचं विमान नुकतंच सुरू झालं होतं. आईने सोबत यायचं म्हटल्यावर नाही म्हणणं आमच्या हातात नव्हतं. विमानतळावर ओळखपत्र मागितलं तेव्हा तिने आधार कार्ड न दाखवता पासपोर्ट काढला.

विमान जमिनीवरून उठेपर्यंत तिने माझा हात घट्ट धरला होता. उठल्यावर सोडला आणि कपाळ खिडकीला टेकवलं. खाली काळी वावरं पसरली होती. ती बोटाने एकेक वावर मोजू लागली. मग हळूच म्हणाली, "इतक्या वरून धुरे दिसतच नाही वं."

मला कळलं ती कशाबद्दल बोलत होती. आईच्या शेताशेजारचं वावर माझ्या काकांचं. मधल्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, नांगराच्या एका तासाएवढ्या जमिनीसाठी, दोन्ही घरं कित्येक वर्षं बोलत नव्हती. रोडग्यांच्या जेवणालाही काका आले नव्हते.

तपासणीत आमचं सगळं ठीक निघालं. अकोल्याला परतल्यावर आई पेढे घेऊन थेट काकांच्या दारात गेली. विमानातून शेत कसं दिसतं ते तिने त्यांना सांगितलं म्हणे. धुऱ्याचं नावही काढलं नाही. काकांनी पेढा खाल्ला, आणि मागून काकू चहा घेऊन आली.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी सकाळी आम्ही सगळे आईच्या शेतात झेंडू तोडत होतो. नवऱ्याचा मोबाईल वाजला. त्याने वाचलं, पुन्हा वाचलं, आणि मोबाईल माझ्या हातात दिला. अर्ज मंजूर झाला होता. मी धावत आईकडे गेले. तिने पिवळ्या झालेल्या हातांनी माझे गाल धरले. डोळे भरले होते, पण तोंडभर हसत होती.

"चांगलं झालं पोरी. आता टोपल्या उचला, बाजार भरून राहिला."

फुलं न्यायला काकांनी त्यांची गाडी आणली होती. आई त्यांच्याशेजारी पुढे बसली, आम्ही दोघं मागे टोपल्यांमध्ये. बाजारात तिने प्रत्येक गिऱ्हाइकाला बातमी सांगितली आणि प्रत्येकाच्या पिशवीत मूठभर फुलं जास्तीची टाकली. काका बाजूला उभे राहून वजन करत होते. दुपारपर्यंत झेंडू संपला.