भात्याचं कातडं

आमच्या गावचं चर्च इंग्रजांच्या काळातलं, आणि त्यातला पाइप ऑर्गनही तेवढाच जुना. आम्ही त्याला बाजा म्हणायचो. वाजवायची माझी आत्या. बाजामागच्या खोलीत उभं राहून, दांडा वरखाली करत भात्यात हवा भरायचो मी, दोन पोरांचा बाप. तिनं लाकडावर दोनदा टकटक केलं की मी सुरू व्हायचं. हात जरा मंदावला की भर उपासनेत ती ओरडायची, "जेवला नाही का बे?" सगळं चर्च हसायचं. पंधरा वर्षं हे मी गिळलं, पचलं मात्र कधीच नाही.

त्या वर्षी बीटी कपाशीवरसुद्धा बोंडअळी पडली. उरलासुरला कापूस भाव येईपर्यंत ठेवायचा होता, आणि घरात ठेवला की पोरांना खाज सुटायची. चर्चच्या पंचांच्या हातापाया पडून मी तो बाजामागच्या खोलीत रचला. आत्या सभेत उठून म्हणाली, "अळ्या पिकवल्या यानं, अन् आता देवाच्या घरात आणून राह्यला." पुन्हा सगळे हसले. सरकीला उंदीर येतील, भाता चामड्याचा आहे, हेही ती म्हणाली. ते कोणी मनावर घेतलं नाही.

उंदीर आले. नाताळाच्या दोन दिवस आधी, दुपारी आम्हा दोघांच्याच सरावाला मी दांडा धरला तर तो हातात लुळा. भात्याचं कातडं हातभर कुरतडलेलं. तेवढ्यात पलीकडून टकटक झाली.

सांगितलं असतं तर माझा कापूस त्याच दिवशी रस्त्यावर आला असता. पण खरं सांगायचं तर कापसाचं कारण निम्मंच. मला तिचा राग होता. मी रिकामा दांडा जोरजोरात हलवत राहिलो.

आत्याला तेव्हा थोडं कमी ऐकू यायला लागलं होतं आणि त्याची तिला फार भीती वाटायची. थोडा वेळ तिच्या बोटांखालच्या पट्ट्यांची नुसती खटखट आली. मग ती दारातून डोकावली. मी कुरतडलेल्या जागेपुढे आडवा उभा राहिलो.

"वाजून राह्यला ना रे?"

"हाव," मी मोठ्यानं म्हणालो. "मस्त वाजते."

ती परत जाऊन बसली आणि ते गीत तिनं शेवटच्या कडव्यापर्यंत वाजवलं. एकही सूर निघाला नाही. मग तिनं झाकण लावलं आणि किल्ली माझ्या हातात ठेवली.

"माह्ये कानच गेले," ती म्हणाली. "पाळकसाहेबाले सांग, दुसरं कोणी पाहा."

नाताळाला विजेचा कीबोर्ड आला. आत्या काही आली नाही, नंतरही कधी चर्चची पायरी चढली नाही. बाजाकडे पुन्हा कोणी वळलं नाही, त्यामुळे भात्याची गोष्ट माझ्यापाशीच राहिली.

पुढे एकदा मी तिच्याकडे जेवायला बसलो होतो. आत कुकरची शिट्टी झाली. तिचा हात ताटावरच थांबला.

"ही शिट्टी ऐकू येते मले. मंग बाजा काऊन नाही आला रे?"

"वय झालं तुझं, आत्या," मी म्हणालो आणि भाकरी मोडली.

तिनं मला आणखी भाजी वाढली.