डॉक्टर म्हणाले, 'आराम'

घरचे आईला मागे टाकून जातील, ही माझी लहानपणची भीती.

आज आईची तिथी. म्हणून लिहितेय.

निजामाचा अंमल संपत आला होता. आम्ही हैदराबादेत, चिक्कडपल्लीत राहायचो. शहर सोडून सोलापूर गाठायचं का, याची घराघरात कुजबुज चालायची.

आणि आई अंथरुणावर.

मी शेंडेफळ, तेव्हा तिचं वय झालेलं. खुब्याचा सांधा झिजलेला. डॉक्टरसाहेब सांगून गेले होते, "पाँव हिलाते रहो अम्मा, आराम होता."

आई परभणीकडची. तिला त्या दखनी बोलण्यातलं एकच कळलं. आराम.

आत्यानेही तेच धरलं. "वहिनी, पलंगावरून उतरायचं नाही. साहेबांनी आराम सांगितलाय."

पाय पार आखडला. मांडी वाळली.

एकदा काका दाराआड वडिलांना म्हणाले, "निघायची वेळ आली तर वहिनींचं कसं?"

वडील उठून अंगणात गेले.

मी ते ऐकलं. तेव्हापासून आईचा पदर मुठीत धरून झोपायचे.

डॉक्टर पुन्हा आले. पाय बघून चिडले.
"सोने को कौन बोले?"
"तुम्हीच बोले ना. आराम," आत्या म्हणाली.
"अजी, दर्द को आराम होता बोला मैं. अम्मा को आराम करो कब बोला?"

आई हसली. मग रडली.

दुसऱ्या सकाळपासून खिडकीचे गज धरून उभी. देवाचं नाव घेत पाय मागे न्यायचा, पुढे आणायचा. पडल्या पडल्या जुन्या लुगड्याची पट्टी तळव्याला अडकवून ओढायची. सांधा कट्कन वाजायचा.

मी घाबरून म्हणायचे, "आई, मोडेल गं."
"मोडू दे. मागे ठेवून जायला मी काय पाटा-वरवंटा आहे?"

म्हणजे तिनेही ऐकलं होतं.

सोलापूरला जावं लागलं नाही. पण काठी टेकत ती मारुतीच्या देवळात गेली. आपल्या पायांनी. वडील मागून, दोन्ही हात पुढे धरून.

आता माझा खुबा गेलाय. फिजिओथेरपीवाली मुलगी बजावते, "अम्मा, एक्सरसाइजला सुट्टी नाही."

खरं सांगते, भीती वाटते. गज धरते, पाय उचलवत नाही. मग आईचा तो पाटा-वरवंटा आठवतो आणि उचलते.

आई, वाकता येत नाही. उभ्यानेच नमस्कार करते.

तू आता आराम कर.
आपल्या मराठीतला आराम.